'प्रत्येकी' म्हणजे काय, बाई?

मेळघाटातल्या धारणी तालुक्यातल्या एका द्विशिक्षकी शाळेतल्या शिक्षकांनी विचारलं आहे: 'मी मूळचा सातारा जिल्ह्यातला, इथे माझं तिसरं वर्ष. चौथी-पाचवी मिळून १९ मुलं माझ्याकडे आहेत, दोघं सोडली तर सगळी कोरकू आदिवासी घरांतली. माझ्याशी मराठीत छान बोलतात, चेष्टा करतात, एकमेकांच्या तक्रारी घेऊन येतात. पण शाब्दिक उदाहरण दिलं किंवा परिसर अभ्यासाचा उतारा काढला की गप्प. वाचून दाखवतात, अर्थ विचारला तर तेच वाक्य पुन्हा वाचतात. लक्ष देत नाहीत, की मुळातच कमी पडतात? पालकांना घरी मराठी बोलायला सांगू का? अजून किती वर्षं लागतील? आणि यातल्या दोघांना स्कॉलरशिप परीक्षेला बसवू का?'

सर, पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकते, कारण तो मनात राहिला तर पुढचं वाचण्यात अर्थ नाही. पोरांचं लक्ष असतं. डोकंही जागेवर आहे. अडचण भाषेची आहे, आणि ती तुम्हाला दिसत नाही कारण पोरं मराठी चांगली बोलतात.

मलाही हे उशिरा कळलं. नोकरीची पहिली अकरा वर्षं मी मेळघाटात काढली, पुढची सोळा शिक्षक प्रशिक्षणात. अगदी सुरुवातीला माझ्या चौथीत एक मुलगी होती. मोहफुलांच्या दिवसांत पहाटे आईबरोबर वेचायला जायची आणि शाळेत उशिरा यायची. उशीर का झाला म्हणून विचारलं की सगळी हकीकत ऐकावी लागे: कुठल्या झाडाखाली किती सडा पडला होता, अस्वल येऊन गेल्याचं कशावरून कळलं, कुणी कुणाच्या टोपलीत हात घातला. 'माझा आई आला नाही, मी एकटाच आला,' असं तिचं मराठी, पण थांबायचं नाव नाही. हीच मुलगी बाष्पीभवनाच्या धड्याला कोरी पाटी. मी माझ्या वहीत तिच्या नावापुढे 'अप्रगत' लिहून मोकळी झाले. तिच्या अंगणात टोपलीभर फुलं वाळून किती उरतात, ढगाळ दिवशी वाळायला वेळ का लागतो, हे ती रोज बघत होती. बाष्पीभवन तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. तो शब्द तिच्याकडे नव्हता, आणि त्या शब्दाच्या आजूबाजूची वाक्यंही नव्हती. हे माझ्या डोक्यात शिरेपर्यंत ती चौथी पास होऊन आश्रमशाळेत गेली होती.

तुम्हाला जे दिसतंय त्याला चाळीसहून जास्त वर्षांपूर्वीच नाव मिळालं आहे. जिम कमिन्स हे मूळचे आयर्लंडचे, पुढे टोरांटोत प्राध्यापक झाले. १९७९ साली त्यांनी दुसऱ्या भाषेतल्या कौशल्याचे दोन भाग वेगळे काढून दाखवले: समोरासमोरच्या बोलाचालीची भाषा आणि अभ्यासाची भाषा. डी.एड.च्या नोट्समध्ये हेच दोन भाग 'बिक्स' आणि 'कॅल्प' म्हणून तुम्हीही पाठ केले असतील, दोन गुणांची टीप लिहिली असेल आणि विसरला असाल. मीही विसरले होते. त्याआधी १९७६ मध्ये टोवे स्कुटनाब-कांगास आणि पेर्टी टौकोमा यांनी स्वीडनमध्ये गेलेल्या फिनिश कुटुंबांतल्या मुलांबद्दल असंच काही मांडलं होतं. मुलं दोन्ही भाषा सफाईने बोलतात, पण शाळेच्या भाषेच्या चाचण्यांत वयाच्या मानाने बरीच मागे. कमिन्सनी नंतर कॅनडात मानसशास्त्रीय तपासणीसाठी पाठवलेल्या चारशेहून अधिक मुलांचे कागद तपासले. त्यात शिक्षक आणि तपासणारे पुन्हा पुन्हा एकाच वळणाने जाताना दिसले: मूल इंग्रजी बोलतं, म्हणजे भाषेचा प्रश्न मिटला, तरी गुण कमी, म्हणजे मुलातच काही उणं आहे. हे वाचलं त्या दिवशी मला माझी ती वही आठवली.

बोलणं लवकर येतं याचं कारण साधं आहे. बोलताना भाषेला एकटीने ओझं उचलावं लागत नाही. 'ते तिकडं ठेव, नाही तर सांडल' हे वाक्य घ्या. 'ते' म्हणजे कळशी हे हातावरून कळतं, 'तिकडं' म्हणजे ओट्यावर हे नजरेवरून कळतं, घाई आवाजावरून कळते. यातले दोन शब्द कळले नाहीत तरी पोरगं कळशी बरोबर ठेवतं. पुस्तकात कळशीही नाही, हातही नाही. सगळा अर्थ शब्दांतून आणि शब्द जोडण्याच्या रीतीतून काढावा लागतो.

आता पाचवीच्या पुस्तकी थाटाचं हे एक वाक्य बघा: 'पावसाळ्यात डोंगरउतारावरून वेगाने वाहणाऱ्या पाण्यामुळे जमिनीवरील सुपीक मातीचा थर वाहून जातो, यालाच मातीची धूप होणे असे म्हणतात.' तुम्हाला-मला यात काही अवघड दिसत नाही. मी एका वर्गात हे वाक्य दिलं आणि धूप म्हणजे काय विचारलं, तर एकाने सांगितलं, 'मातीला ऊन लागतं.' बरोबरच होतं त्याचं. धारणीच्या बाजारात हिंदी चालते आणि हिंदीत धूप म्हणजे ऊन. दुसरीला धूप म्हणजे देवापुढे जाळतात तो आठवला. तिसरा प्रकार पुस्तकातला, तो दोघांपैकी कुणाच्याच घरात कधी उच्चारला गेला नव्हता. आणि गंमत अशी की मुसळधार पावसानंतर नाल्याचं पाणी लाल का होतं आणि वरच्या वावरात पीक का धरत नाही, हे त्याच पोरांनी मला उदाहरणं देऊन सांगितलं.

एकट्या 'धूप' शब्दावर मात्र अडकू नका. वाक्याची ठेवण बघा. यात माणूस नाही, कुणी काही करत नाही, सगळं आपोआप होतं. 'पाणी वाहतं' याचं 'वाहणाऱ्या पाण्यामुळे' झालं, म्हणजे क्रिया विशेषणात गेली आणि कारण 'मुळे'च्या दोन अक्षरांत बसलं. शेवटच्या 'यालाच'ने मागचं सगळं वाक्य उचलून एका नावाखाली ठेवलं. बोलताना आपण कुणीच असं बोलत नाही. वऱ्हाडी बोलणाऱ्या घरातल्या तुमच्या त्या दोन पोरांनाही हे परकंच आहे, फक्त त्यांना अंदाज बांधायला थोडा आधार जास्त असतो.

गणितात तर हे आणखी लख्ख दिसतं, कारण तिथे चुकीचं उत्तर समोर येतं. 'एका शेतकऱ्याने १२० संत्री प्रत्येकी १५ याप्रमाणे टोपल्यांत भरली. त्यांपैकी ३ टोपल्या विकल्यास उर्वरित टोपल्यांत एकूण किती संत्री असतील?' माझ्या वर्गात निम्म्याहून जास्त पाट्यांवर १३८ आलं. १२०, १५ आणि ३ यांची बेरीज. का, तर 'एकूण' दिसलं. आणि 'एकूण म्हणजे बेरीज, उरले म्हणजे वजाबाकी' ही युक्ती त्यांना मीच शिकवली होती. भाषा वाचायला लावण्याऐवजी भाषा टाळून उत्तर काढायची पळवाट मी दाखवली आणि पोरं प्रामाणिकपणे तिच्यातून गेली.

मग मी पुस्तक मिटलं आणि एकाला समोर घेऊन सांगितलं: 'तुझ्या बाबाकडं १२० संत्री. एका टोपलीत १५ मावतात. सगळी भरली. तीन टोपल्या विकल्या. आता घरी किती संत्री राहिली?' त्याने बोटं मोडत, मध्ये एकदा चुकून, ७५ सांगितलं. भागाकार, वजाबाकी, गुणाकार, तिन्ही पायऱ्या बरोबर. त्या दिवशी एका मुलीने विचारलं, ''प्रत्येकी' म्हणजे काय, बाई?' पाचवीत. पहिलीपासून मराठी शाळेत शिकलेल्या मुलीने. तोवर तो शब्द कुणी तिला सांगितला नव्हता, कारण तो सांगायचा असतो हे आम्हाला सुचलंच नव्हतं.

माझ्या सगळ्या अनुभवातली सर्वांत कामाची गोष्ट कुठली असेल तर ही. बाष्पीभवन, परिमिती, संविधान हे मोठे शब्द आपण शिकवतोच. ते ठळक छापलेले असतात, धड्याखाली त्यांचे प्रश्न असतात. पोरं अडतात ती लहान शब्दांपाशी: प्रत्येकी, उर्वरित, अनुक्रमे, त्यांपैकी, याप्रमाणे, वगळता, किमान, दरम्यान, तितकेच, विकल्यास, असता. हे गणिताच्या शब्दांच्या यादीत नाहीत आणि भाषेच्या धड्याखालच्या शब्दार्थांतही नाहीत. दोन विषयांच्या मधल्या खाचेत पडलेले आहेत. 'विकल्यास' मधला 'स' म्हणजे 'विकल्या तर' हे ज्याला माहीत नाही, त्याला तीन टोपल्या विकल्या की नाही हेच समजत नाही.

आणखी एक जात आहे: ओळखीचे शब्द, पण शाळेत वेगळा अर्थ घेऊन बसलेले. त्रिकोणाचा पाया, घराचा नाही. पुढे विज्ञानात 'कार्य' येईल, ज्याला घरात लग्न-बारसं म्हणतात. मोठ्या वर्गांत घातांक येतील तेव्हा 'घात' या शब्दावर पोरं एकमेकांकडे बघतील. अनोळखी शब्दाला मूल निदान थांबतं तरी. ओळखीच्या शब्दावर ते न थांबता चुकीच्या गावाला पोचतं. संख्यांच्या नावांचंही तसंच. एकोणसाठ म्हणजे साठाला एक कमी, हे मराठी घरातल्या मुलाच्याही जिभेवर उशिरा बसतं. २०१९ साली दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आलं तेव्हा शहरांत केवढा गदारोळ झाला. मराठी बुडाली म्हणणाऱ्यांनी मेळघाटातल्या एखाद्या वर्गात एकदा 'एकोणसत्तर' लिहायला सांगून बघायला हवं होतं.

आता करायचं काय. आधी निदान, कारण सगळ्या १९ जणांची अडचण एकच असेल असं नाही. जे उदाहरण अडलं तेच तोंडी, ओळखीच्या माणसांची नावं घालून सांगा, हातात खडे द्या. सुटलं तर गणित आहे, भाषा अडतेय. नाही सुटलं तर मोठ्या भावंडाकडून किंवा गावातल्या कुणाकडून कोरकूत सांगून बघा. तरीही नाही सुटलं तर ती संकल्पना पुन्हा शिकवायची आहे. दहा मिनिटांचं काम आहे, पण या दहा मिनिटांआधी कुणाच्या नावापुढे काही लिहू नका. पोराला डोळ्यांनी दिसतं का, कानांनी ऐकू येतं का, हेही याच वेळी बघून घ्या. ते भाषेचं नाही, पण राहून जातं.

पुढची गोष्ट शिक्षकांना पटवताना मला सगळ्यात जास्त त्रास होतो. आपण धडा सोपा करून सांगतो. पुस्तक बाजूला ठेवून, थोडी हिंदी मिसळून, हातवारे करून. पोरांना समजतं, आपल्यालाही समाधान वाटतं. पण त्यात पुस्तकातलं एकही वाक्य पोराच्या वाटेला येत नाही. वर्षभर तुम्ही त्याच्यासाठी वाचलंत, परीक्षेत ते एकटंच बसतं. सोपं करून सांगा, जरूर सांगा, पण तेवढ्यावर थांबू नका. समजलं की पुन्हा पुस्तकाच्या वाक्याकडे या आणि ते उघडून दाखवा.

मी रोज एक वाक्य घ्यायची. एकच, जास्त नाही. वरचं धुपेचं वाक्य फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहायचं आणि विचारायचं, यात किती गोष्टी घडल्या? पोरं तुकडे पाडतात: पावसाळा आहे. डोंगराला उतार आहे. पाणी जोरात वाहतं. जमिनीवर चांगल्या मातीचा थर आहे. पाणी तो घेऊन जातं. त्याला धूप म्हणतात. सहा वाक्यं झाली. मग उलटं काम: ही सहा पुन्हा एका वाक्यात बसवा. 'वाहतं'चं 'वाहणारं' करावं लागतं, 'म्हणून'च्या जागी 'मुळे' आणावं लागतं. पहिल्या महिन्यात मोडतोड होते, दिवाळीपर्यंत दोघं-तिघं स्वतःहून 'मुळे' लिहायला लागतात. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या लिली वाँग फिलमोर यांनी इंग्रजी शिकणाऱ्या मुलांसाठी रोज एक घसघशीत वाक्य घेऊन असंच काम करायचा आग्रह धरला, हे मला पुढे प्रशिक्षणात आल्यावर वाचायला मिळालं.

प्रयोग करत असाल तर मधली एक पायरी गाळू नका. दोन फडकी भिजवा, एक उन्हात टाका, एक सावलीत. बघताना पोरं म्हणतील, 'हे सुकलं, ते अजून ओलंच.' तेव्हा त्यांना तेवढंच पुरतं. आपण तिथून थेट वहीकडे उडी मारतो आणि 'उष्णतेमुळे पाण्याचे बाष्पीभवन वेगाने होते' लिहून देतो. मध्ये हे करा: प्रयोग न पाहिलेल्या तिसरीतल्या पोरांना बोलवा आणि तुमच्या पोरांना, फडकी लपवून, त्यांना सगळं सांगायला लावा. 'हे' आणि 'ते' आता चालत नाही. 'आम्ही दोन फडकी भिजवली. एक उन्हात टाकलं, एक सावलीत. उन्हातलं आधी सुकलं' असं म्हणावंच लागतं, नाही तर तिसरीवाले 'काय सुकलं?' म्हणून हैराण करतात. बोलाचालीतून पुस्तकाकडे जाणारा रस्ता इथूनच जातो. इथे 'बाष्पीभवन' हा शब्द द्या. आता तो ठेवायला त्यांच्याकडे जागा झालेली असते.

प्रश्नांची क्रियापदंही शिकवावी लागतात. 'कारणे द्या', 'फरक लिहा', 'वर्गीकरण करा', 'स्पष्ट करा' या सगळ्यांना पोरं व्याख्या लिहून मोकळी होतात. फरक म्हणजे 'अमक्यात हे असतं, तर तमक्यात नसतं', या 'तर'सकट साचा भिंतीवर लावा. चार-पाच साचे पुरतात. काही जण म्हणतील घोकंपट्टी झाली. होऊ दे की. साचा पाठ झाला की पोराचं डोकं मजकुरासाठी मोकळं राहतं.

आणि ज्याची चिंता सोडायची ते म्हणजे 'माझा आई आला'. कोरकू ही मुंडा गटातली भाषा, संथाळी-मुंडारीची नातलग. मराठीच्या कुळाशी तिचा संबंध नाही. तिथे मुख्य भेद सजीव-निर्जीवाचा, आपल्यासारखं आला-आली-आलं नाही. त्यामुळे लिंगाच्या चुका दिसतात आणि बराच काळ राहतात. आपल्या कानाला त्या टोचतात, म्हणून आपण सगळी ताकद त्यांच्यावर घालवतो. त्या दुरुस्त झाल्या म्हणून 'उर्वरित' कळायला लागत नाही आणि त्या राहिल्या म्हणून गणित अडत नाही. पोराने 'माझा आई आला' म्हटलं की तुम्ही 'हो का, तुझी आई आली?' म्हणा आणि पुढे चला.

तुमचा दुसरा प्रश्न, पालकांना घरी मराठी बोलायला सांगू का. नका सांगू, सर. माझं याबद्दल ठाम मत आहे. त्या आईबापांची मराठी बाजारापुरती आणि तहसीलपुरती आहे. ती भाषा घरात आणली तर घरातलं बोलणं 'जेव, झोप, शाळेत जा' एवढ्यावर येईल. आज त्या घरात कोरकूत गोष्टी सांगितल्या जातात, नात्यांची भांडणं सोडवली जातात, यंदा पेरणी लवकर का करू नये यावर वाद होतो. असं का, तसं झालं असतं तर काय, हे पोर तिथे शिकतं, आणि अभ्यासाच्या भाषेचं बी तेच आहे. कमिन्सनी यासाठी हिमनगाचं चित्र वापरलं: पाण्यावर दोन वेगळी टोकं दिसतात, खाली बर्फ एकच. तुलना करणं एकदा कोरकूत आलं की मराठीत त्याचे शब्द तेवढे द्यावे लागतात, तुलना पुन्हा शिकवावी लागत नाही.

वर्गातही कोरकूला दार उघडा. अवघड उदाहरण दिलं की आधी पाच-दहा मिनिटं जोडीत कोरकूत बोलू द्या, मग उत्तर मराठीत मागा. तुम्हाला कोरकू येत नसेल तरी चालतं, फक्त कान द्या. मधूनमधून मराठी शब्द ऐकू येतात त्यावरून गाडी कुठे आहे ते कळतं. तिसरं वर्ष आहे तर शंभरएक शब्द तुम्हीही शिकायला हरकत नाही. मी 'डा' म्हणजे पाणी इथपासून सुरुवात केली होती आणि माझ्या उच्चारांवर अख्खी शाळा हसायची. हसता हसता त्यांना हेही कळत होतं की चुका केल्या तरी बाई बोलतात. कुणी वरिष्ठांनी हटकलं तर सांगा, प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याची सोय करण्याबद्दल संविधानात १९५६ पासून कलम ३५०क आहे, २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यातही शक्य तिथे मातृभाषेचं माध्यम म्हटलंय, आणि २०२० चं राष्ट्रीय शिक्षण धोरण किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेचा आग्रह धरतं. ओडिशाने २००६-०७ च्या सुमारास दहा आदिवासी भाषांत वर्ग सुरूही केले. २०११ च्या जनगणनेत कोरकू बोलणारे सात लाखांवर होते, म्हणजे भाषा छोटी आहे म्हणून सोडून द्यावी अशी परिस्थिती नाही.

किती वर्षं लागतील? कमिन्सनी १९८१ मध्ये टोरांटोच्या शाळांची आकडेवारी पुन्हा तपासली, तेव्हा बोलाचाल साधारण दोन वर्षांत जमलेली दिसली आणि अभ्यासाच्या भाषेत वर्गाच्या बरोबरीला यायला पाच ते सात वर्षं लागलेली. २००० साली केंजी हाकुटा आणि सहकाऱ्यांनी बोलण्याला तीन ते पाच आणि अभ्यासाच्या भाषेला चार ते सात वर्षं सांगितली. हे आकडे आपल्याकडे जसेच्या तसे लावू नका. टोरांटोतल्या मुलाला शाळेबाहेरही इंग्रजीच ऐकू येते. तुमच्या पोराला शाळा सुटली की कोरकू आणि हिंदी. मराठी त्याला तुमच्याकडूनच मिळते, रोज पाच तास, तीही तुम्ही जितकी द्याल तितकी. म्हणून पाचवीत ही अडचण दिसणं हे अपयश समजू नका, वेळापत्रकाप्रमाणेच चाललंय. शिवाय चौथी-पाचवीत पुस्तकाची भाषा एकदम जड होते, त्यामुळे तिसरीपर्यंत बरं चाललेलं पोर अचानक घसरल्यासारखं वाटतं. तुमच्या शहरातल्या नातेवाइकांना सेमी इंग्रजीत किंवा इंग्रजी माध्यमात सहावीला असाच धक्का बसतो. 'घरी फाडफाड इंग्रजी बोलतो हो, पण इतिहासात काय लिहितो तेच कळत नाही' असं सांगणारे पालक मला महिन्याला एक तरी भेटतात.

एक सावधगिरी मात्र सांगते. कमिन्सवर टीकाही बरीच झाली. १९८६ मध्ये मार्टिन-जोन्स आणि रोमेन यांनी या विचाराला कच्चा म्हटलं, कारण त्यातून मुलाला एकही भाषा धड येत नाही असा शिक्का बसू शकतो, आणि गरिबाच्या घरातलं बोलणं खालच्या दर्जाचं ठरतं. हा आक्षेप मला रास्त वाटतो. गावच्या बैठकीत वनहक्काच्या दाव्यावर बोलणारा कोरकू म्हातारा ऐकलात तर 'बोलाचालीची भाषा सोपी' असं म्हणायची हिंमत होणार नाही; आणि फळ्यावरून उतरवून घेणं हे अभ्यासाचं काम असूनही डोक्याला काडीचा ताण देत नाही. तेव्हा या दोन भाषांचे कप्पे करून पोरांना त्यात टाकू नका. कुठल्या कामात शब्दांवर किती भार पडतो, एवढं ओळखायला तो भेद वापरा. तेवढ्यापुरता तो अजून तरी मला फार उपयोगी पडतो.

स्कॉलरशिपला दोघांना बसवा. पण सराव संच सोडवून घेण्याआधी महिनाभर फक्त प्रश्न वाचून घ्या, उत्तरं नकोत. 'विसंगत पद ओळखा', 'योग्य पर्याय निवडा', 'प्रश्नचिन्हाच्या जागी काय येईल', 'खालीलपैकी कोणते विधान चूक नाही'. या शेवटच्या 'चूक नाही'वर तर आपणही दोनदा थांबतो. प्रत्येक प्रश्न पोराने स्वतःच्या शब्दांत, हवं तर कोरकूत, सांगायचा आणि मगच पेन उचलायचं. जुन्या प्रश्नपत्रिकेत 'खालीलपैकी' किती वेळा येतं ते त्यांनाच मोजायला लावा. माझ्या एका पोराने तो शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा कागद उलटून मागच्या बाजूला काय आहे ते बघितलं होतं.